नाबोथाचा मळा आणि डोंगरमाथ्यावरची पवनचक्की



मागच्या हिवाळ्यात शहरातल्या दोन मंडळ्यांतील काही जण आपले काम पाहायला आले होते. त्यांनी बालवाडी पाहिली, बचत गटाच्या बायकांनी केलेली नागलीची भाकर खाल्ली, आणि परतताना साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या बाजूला गाडी थांबवून पवनचक्क्यांसोबत फोटो काढले. ओळीने उभे असलेले ते पांढरे मनोरे पाहून एक वयस्क काका मला म्हणाले, "ताई, एवढा मोठा प्रकल्प आला म्हणजे इथल्या लोकांचे भलेच झाले असणार. धूर नाही, राख नाही, देवाने दिलेला वारा. मग गावात यावरून भांडणे कशाला होतात?"

गाडी सुटायची घाई होती, म्हणून मी अर्धेच उत्तर दिले. या अंकातल्या अभ्यासपाठात उरलेले अर्धे देते. आधीच सांगते, या वादात मी तटस्थ नाही. एका कागदावर माझी सही आहे. त्याविषयी पुढे लिहीनच.

कंपनीला माथाच का हवा असतो

काकांचे म्हणणे खोटे नव्हते. पवनचक्की कोळसा जाळत नाही आणि औष्णिक केंद्रासारखे धरणाचे पाणीही पीत नाही. हवामान बदलाचा मार पहिल्यांदा बसतो तो कोरडवाहू शेतकऱ्याला, म्हणजे आपल्याच पाड्यांना. म्हणून वाऱ्यापासून वीज करण्याला मी विरोध करत नाही, आणि आपल्या संस्थेनेही कधी केलेला नाही.

पण या यंत्राचा एक गुण समजून घेतला पाहिजे, कारण सगळा वाद तिथून सुरू होतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणून थोडा जास्त वारा मिळावा यासाठी कंपनी डोंगराच्या पायथ्याची जागा सोडून माथ्याची मागते. साताऱ्याकडे कोयनेच्या जलाशयावरचे वनकुसवडे पठार, ठोसेघरजवळचे चाळकेवाडी, आपल्याकडे साक्री आणि नंदुरबारच्या टेकड्या, या सगळ्या जागा अशाच निवडल्या गेल्या. आणि डोंगराचा माथा ही आदिवासी गावाची अशी जागा असते की तिचा सातबारा बहुधा कोणाच्याच नावावर नसतो आणि वापर मात्र सगळ्यांचा असतो. गुरे तिथे चरतात. मोहफुले, चारोळी, सरपण तिथून येते. उतारावर कोणी दोन-तीन पिढ्या नागली आणि भगर पिकवत असतो, पण कागदोपत्री ती जमीन वनखात्याची असते. मार्गशीर्षात कोकणा आणि भिल्ल लोकांचा डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो, तोही डोंगराचाच. कार्यालयातल्या नकाशावर हीच जागा 'पडीक' दिसते.

एका मनोऱ्याच्या पायाला फार जागा लागत नाही, हे कंपनीची माणसे नेहमी सांगतात आणि ते खरे आहे. दोन पवनचक्क्यांच्या मधल्या जमिनीत पेरणी करता येते, हेही खरे. पण सत्तर-पंचाहत्तर मीटरचा मनोरा आणि लांबलचक पाती ट्रेलरवर वर न्यायची, तर डोंगर कापून रुंद आणि कमी चढाचा रस्ता काढावा लागतो. क्रेन उभी करायला सपाट जागा लागते, मग विजेच्या तारा, उपकेंद्र, चौकी. पठाराचे नुकसान पात्यांपेक्षा या रस्त्यानेच अधिक होते. पहिल्या पावसात कापलेल्या कडेचा मुरूम खाली वाहतो आणि खाली कोणाचे तरी शेत असते.

वीज गावात थांबत नाही, हेही देणगीदारांना सांगावे लागते. ती तारांवरून उपकेंद्रात आणि तिथून राज्याच्या जाळ्यात जाते. पवनचक्कीच्या सावलीत बसून कंदिलाच्या उजेडात अभ्यास करणारी मुले मी पाहिली आहेत. आता बहुतेक पाड्यांवर वीज आली, पण ती पवनचक्कीमुळे आली नाही.

पाऊस पळवणारी पाती

आमच्या भागात आजही कोणी म्हणते, "ही पाती ढग पळवतात, म्हणून पाऊस कमी झाला." २००३-०४ च्या दुष्काळात सातारा-सांगलीकडच्या गावांतही हीच तक्रार होती आणि लोक त्यासाठी रस्त्यावर आले होते. तरुणपणी मी या बोलण्याला हसले होते. आता हसत नाही, पण खरे काय ते सांगते.

पवनचक्कीने पाऊस पळतो असे कोणत्याही अभ्यासाने सिद्ध झालेले नाही. पावसाचे ढग जमिनीपासून कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत वाढतात आणि त्यांना आणणारे मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात. त्यापुढे पात्यांची ढवळाढवळ फार किरकोळ. सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी, हे पवनचक्क्या येण्याच्या शेकडो वर्षे आधीपासूनचे आहे. महाबळेश्वरला जेवढा पडतो त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाच माण तालुक्यात पडतो, कारण डोंगर चढताना ढग रिकामे होतात.

मग लोक असे का म्हणतात? मला वाटते, ज्याला कोणी काही विचारले नाही, त्याला डोंगरावर एक दिवस अचानक एक अजस्र वस्तू दिसते आणि त्याच वर्षी पीक जाते. कारण सांगणारा कोणी नसतो, तेव्हा तो स्वतः कारण शोधतो. तक्रार पावसाची असते, पण आतले दुखणे 'आम्हाला विचारले नाही' हे असते. अधिकारी पावसाचा मुद्दा खोडून काढतात आणि त्याबरोबर दुसराही निकालात निघाला असे समजतात.

आणि परिणाम काहीच होत नाही असेही नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी चाळकेवाडीच्या पठारावर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी नसलेल्या भागाच्या जवळजवळ चौथा हिस्साच उरले होते. त्यांचा धाक गेल्यामुळे गळ्याला निळा पंखा असलेले सरडे वाढले, पण गर्दी होऊन ते हडकुळे झाले. माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नव्हते. एक सरडा बिनधास्त झाला, यात आपले काय गेले, असे कोणी म्हणेल. मला तो अभ्यास वाचताना एवढेच वाटले की, पठारावर 'काहीच नाही' असे म्हणणाऱ्याने तिथे बसून पाहिलेले नसते.

माझी सही

आता कागदाची गोष्ट. वनहक्क कायदा २००६ चा, पण अंमलात आला तो ३१ डिसेंबर २००७ ला. त्याच हिवाळ्यात आमच्या एका पाड्यावर (नाव लिहीत नाही, लोक अजून तिथेच राहतात) एका कंपनीचा मध्यस्थ आला. मी तेव्हा विशीच्या शेवटी होते. ईश्वरविज्ञानाची पदविका नुकतीच घेतली होती आणि पाड्यावर बचत गट सुरू केला होता. मध्यस्थ गोड बोलणारा होता. सृष्टीची राखण, स्वच्छ ऊर्जा हे शब्द त्याने माझ्याकडूनच ऐकले आणि मलाच परत ऐकवले. बैठक आपल्या बालवाडीच्या खोलीत घ्यावी असे त्याने सुचवले आणि मी हो म्हटले.

बायका माझ्या शब्दाखातर आल्या. मी उभी राहून सांगितले की, यात धूर नाही, रस्ता होईल, आजारी माणसाला दवाखान्यात नेता येईल. मग हजेरी म्हणून अंगठे घेतले. शाईचा पॅड मी धरला होता. कागदाचे पहिले पान टाइप केलेले होते, पुढच्या पानांवर नुसत्या रेघा. शेवटी मध्यस्थ म्हणाला, "ताई, साक्षीदार म्हणून तुमची सही." मी केली. पहिले पान मी वाचले नाही. घाई होती असेही नव्हते. वाचायची गरज वाटली नाही, एवढेच.

तो हजेरीपट नव्हता, गावाची ना-हरकत होती.

रस्ता झाला. तो खरेच दवाखान्यासाठी उपयोगी पडला, हे मी नाकारत नाही. दोन बाळंतिणी त्या रस्त्यामुळे वाचल्या. एका मुलाला चौकीवर राखणदाराची नोकरी लागली आणि त्या पगारावर त्याने दोन बहिणींना शिकवले. पण ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांनाच मोबदला मिळाला. उतारावरची वनजमीन कसणाऱ्यांचे दावे नुकतेच भरले जात होते. कागद नाही म्हणून त्यांना काहीच मिळाले नाही. त्यांतल्या तीन घरांच्या शेतात पुढच्या पावसाळ्यात मुरूम भरला. गुरांची वरची वाट चौकीने अडवली. तक्रार घेऊन लोक तालुक्याला गेले तेव्हा त्यांना तीच ना-हरकत दाखवण्यात आली, खाली माझ्या सहीसह.

त्या तीन घरांतल्या एका आजीने मला ओट्यावर बसवून पाणी दिले आणि विचारले, "आम्हाला नाही येत. तुला तर वाचता येतं ना, बाई?"

आणखी एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. बैठकीनंतर मध्यस्थ पाड्यातल्या इतर घरांत जाऊन सांगत होता, "मिशनच्या घरांनी अंगठे दिले, तुम्ही एकटे पडाल." आणि आपल्या ख्रिस्ती घरांत सांगत होता, "तुम्हाला कुठे डोंगराची पूजा करायची आहे?" ज्या पाड्यात लग्न आणि मयत एकत्र होत असे, तिथे दोन वर्षे लोक एकमेकांच्या दारात गेले नाहीत. डोंगऱ्या देवाविषयी आपली श्रद्धा वेगळी आहे. म्हणून शेजाऱ्याच्या डोंगराचा होकार आपण देऊन टाकावा, असा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

नाबोथाला विचारले होते

या घटनेनंतर मी १ राजे, अध्याय २१ पुन्हा वाचला. शब्बाथ शाळेत आपण ही गोष्ट लोभी राजा आणि गरीब शेतकरी अशी शिकवतो. नीट वाचली तर ती अधिक अवघड आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, अहाबाने विचारले होते. राजवाड्याजवळचा मळा त्याला भाजीच्या बागेसाठी हवा होता. त्याने त्याहून चांगला मळा देऊ केला, किंवा हवे तर रोख किंमत. आजच्या भाषेत मोबदला बाजारभावाहून बरा होता. तोवर राजाने काही पाप केलेले नाही. नाबोथाने नकार दिला, आणि त्याचे कारण किमतीचे नव्हते. ती वाडवडिलांची वतनाची जमीन होती. लेवीय २५:२३ चा नियम त्याच्या डोक्यात असणार: जमीन देवाची आहे, माणूस तिथे उपरा म्हणून राहतो, म्हणून ती कायमची विकता येत नाही. गोष्ट बिघडते ती इथे. विचारणाऱ्याने 'नाही' हे उत्तर धरलेच नव्हते. राजा भिंतीकडे तोंड करून उपाशी निजतो.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. ईजबेल शिपाई पाठवत नाही. ती पत्रे लिहिते आणि त्यांवर राजाची मोहर लावते. ती पत्रे नाबोथाच्याच गावच्या वडील मंडळींना जातात. उपास जाहीर होतो, सभा भरते, नाबोथाला मानाच्या जागी बसवले जाते. नियमशास्त्राला दोन साक्षीदार लागतात (अनुवाद १९:१५), तर दोन साक्षीदार हजर केले जातात. मोहर, सभा, मानाची जागा, साक्षीदार, सगळे रीतसर. कागदपत्रात एकही चूक सापडणार नाही. नाबोथाला मारते ती त्याच्या गावची सभा.

ते दोन साक्षीदार दुष्ट होते, असे शास्त्र सांगते. मी दुष्ट नव्हते. पण ज्या कागदाने उतारावरची ती घरे बुडाली, त्याला साक्षीदार लागत होता आणि तो मी पुरवला.

महिला मंडळात किंवा तरुण संघात हा अध्याय घ्याल तेव्हा ईजबेलवर फार वेळ घालवू नका. इज्रेलच्या वडील मंडळींविषयी बोला. पत्र हातात आल्यावर त्यांच्यापैकी एकाने तरी 'आपण नाबोथाला ओळखतो' असे म्हटले असते तर काय झाले असते? आपल्या मंडळीच्या सभेत कधी असे झाले आहे का, की ठराव आधीच लिहून आलेला होता आणि आपण नुसता हात वर केला?

कायदा काय देतो

लेवीयच्या नियमाशी मिळतीजुळती गोष्ट आपल्या कायद्यातही आहे, आणि कार्यकर्त्यांना ती तोंडपाठ हवी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विक्री, गहाण, बक्षीस, भाडेपट्टा, कोणत्याही मार्गाने परस्पर देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, त्यापुढे राज्य शासनाची पूर्वमान्यता. वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसाला जाते, पण विकता येत नाही. त्या कायद्याखालच्या ग्रामसभेला निम्म्या सभासदांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका हव्यात. ३ ऑगस्ट २००९ ला केंद्राच्या पर्यावरण खात्याने परिपत्रक काढले की, वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर आधी वनहक्कांची प्रक्रिया पूर्ण झाली पाहिजे आणि ग्रामसभेची संमती हवी. आमचा कागद त्याच्याही आधीचा. २०२२ च्या नव्या वनसंवर्धन नियमांनी हा क्रम सैल केला, म्हणून आता जास्त सावध राहायला हवे.

१९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू आहे. साक्री तालुक्यातली काही गावे त्यात आहेत, काही नाहीत. आपले गाव कुठे आहे ते आधी पाहावे. पेसात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी 'विचारविनिमय' करा असे आहे, 'संमती घ्या' असे नाही. हा फरक बारीक दिसतो, पण अहाबाने नाबोथाशी विचारविनिमयच केला होता. मात्र याच कायद्यात पाडा किंवा वस्ती स्वतःला गाव म्हणून मागू शकते, आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांत त्याची पद्धत दिली आहे. हे फार मोलाचे आहे. नाहीतर माथा पाड्याचा आणि ठराव चार मैलांवरच्या मोठ्या गावाचा, असे होते.

कायदा असूनही काय होते ते भीमाशंकरच्या बाजूला पाहावे. तिथे महादेव कोळी समाजाची वस्ती आहे आणि शेकरूचे जंगल आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात तिथल्या पवनचक्क्यांची हकिगत नोंदवली आहे: डोंगरात कापलेले रस्ते, घसरलेली माती शेतांत आणि जलाशयांत गेलेली, लोकांचे वनहक्क मान्य न करताच काम पुढे नेलेले आणि गावकऱ्यांना डोंगरावर जाण्यास अडवलेले. वाचताना मला ते आमच्या पाड्याचेच वर्णन वाटले.

दूरची दोन ठिकाणे

नॉर्वेमध्ये सामी नावाचे आदिवासी लोक आहेत. ते रेनडिअर पाळतात. फोसेन नावाच्या भागात, जिथे त्यांचे कळप हिवाळ्यात चरतात, तिथे १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. सामी कुटुंबे न्यायालयात गेली आणि ११ ऑक्टोबर २०२१ ला नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, हे परवाने अवैध आहेत, सामींच्या संस्कृती जपण्याच्या हक्काचा भंग झाला आहे. एवढा स्पष्ट निकाल आपल्याकडे मिळाला तर आपण उपकारस्तुतीची सभा घेऊ. पण निकाल लागला तेव्हा पाती फिरत होती, आणि ती फिरतच राहिली. ५०० दिवसांनी सामी तरुण ओस्लोत मंत्रालयात ठाण मांडून बसले, तेव्हा सरकारने माफी मागितली. शेवटी डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये समझोते झाले. पवनचक्क्या राहिल्या, सामींना भरपाई आणि दुसरी चराई मिळणार. जगातल्या श्रीमंत आणि कायदा पाळणाऱ्या देशात हे झाले. मनोरा एकदा उभा राहिला की न्यायालयाचाही हात तिथवर पोहोचत नाही.

दुसरे ठिकाण स्कॉटलंडचे छोटे बेट, गिघा. लोकसंख्या शंभराच्या आत आली होती. बेटाची मालकी एका जमीनदाराकडून दुसऱ्याकडे जात असे. मार्च २००२ मध्ये रहिवाशांनी देणगी आणि कर्ज काढून सगळे बेटच विकत घेतले. मग त्यांनी दुसऱ्या ठिकाणच्या वापरलेल्या तीन लहान पवनचक्क्या आणल्या आणि वीज जाळ्याला विकू लागले. उत्पन्न गावाच्या संस्थेकडे येते आणि पडक्या घरांची दुरुस्ती होते. त्या तीन पवनचक्क्यांना त्यांनी नावे दिली ती १ करिंथ १३ मधली: विश्वास, आशा आणि प्रीती. यंत्र तेच, वारा तसाच. पण गिघाच्या लोकांनी आधी जमीन आपल्या नावावर केली आणि मग पवनचक्की आणली, आमच्याकडे क्रम उलटा झाला.

आदिवासी पाड्याने पवनचक्की विकत घ्यावी असे मी सांगत नाही. तेवढे भांडवल आपल्याकडे नाही आणि आपली संस्था ते उभे करू शकणार नाही. पण क्रम आपल्या हातात आहे, आणि त्यावरच आता वाद चालू आहे.

पुन्हा आलेली माणसे

जुन्या पवनचक्क्या वीस-पंचवीस वर्षे चालतात. त्या काढून त्याच जागी मोठ्या बसवाव्यात असे केंद्राचे धोरण २०१६ मध्ये आले आणि २०२३ मध्ये सुधारले गेले. नवे मनोरे शंभर मीटरच्या पुढचे, म्हणजे रस्ता आणखी रुंद. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या पाड्यावर मोजणीची माणसे पुन्हा दिसली.

पाड्याने स्वतःहून बैठक बोलावली. मी मागे बसले होते. चौकीवरचा तो राखणदार, आता तोही चाळिशीकडे आलेला, म्हणाला, "नको म्हणाल तर माझी नोकरी जाईल, मग माझ्या पोरांचं कोण बघणार?" गुरे चारणाऱ्या बायका म्हणाल्या, आधी वाट मोकळी करा, मग बोला. एका तरुणाने विचारले की, दरवर्षी विजेच्या उत्पन्नातला हिस्सा का मागू नये, एकदाच मोबदला का? त्यावर एक म्हातारे भगत म्हणाले की, डोंगराचा हिस्सा होत नाही. दोघेही चिडले. ज्याला जमीनच नाही अशा एकाने सांगितले की, हिस्सा असो वा मोबदला, त्याला कोणी धरत नाही, आणि क्षणभर सगळे गप्प झाले. बैठक मध्यरात्रीपर्यंत चालली आणि 'हो' किंवा 'नाही' असे काहीच ठरले नाही. मला वाटते इतकी चांगली सभा मी आमच्या भागात पाहिलेली नाही.

ठरले ते एवढेच. राहिलेल्या वनहक्क दाव्यांचा निकाल लागेपर्यंत कोणत्याही कागदावर चर्चा नाही. पाडा स्वतंत्र गाव म्हणून अर्ज करील. कंपनीचा कागद येईल तो महिनाभर गावात राहील, आणि सबंध वाचला जाईल, मराठीत आणि घरच्या बोलीत. बायका आधी वेगळ्या बसतील. त्या दिवशी कोणीही अंगठा देणार नाही.

तुमच्यापैकी ज्यांना वकिली किंवा महसुली कामाचा अनुभव आहे, त्यांनी दावे तपासायला चार दिवस दिले तर पैशांइतकीच मोठी मदत होईल. राखणदार भावाच्या घरासाठी प्रार्थना करा. त्याच्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणाजवळ नाही.

कागद वाचायला पाड्याने मला बोलावले आहे. साक्षीदाराच्या जागी यावेळी सही कोण करील, हे ठरायचे आहे. त्या आजीने तिच्या नातीचे नाव सुचवले. ती यंदा बारावीला आहे.